चिखलातला मिथेन : सैबेरियाची तळी आणि पालघरचे पाणी

साचलेल्या पाण्याच्या तळाशी पाने, शेवाळ, मेलेले किडे आणि ओढ्यांनी आणलेली माती वर्षानुवर्षे बसत राहते. या गाळाच्या वरच्या काही मिलिमीटरपर्यंतच ऑक्सिजन पोहोचतो. त्याखाली कुजण्याचे काम ऑक्सिजनवाचून चालते आणि त्याच्या अगदी शेवटच्या टप्प्यावर मिथेन तयार होतो. पालघर किंवा बोईसरच्या आसपासच्या एखाद्या गावतळ्यात मे महिन्यात बांबू रोवला, तर गाळातून बुडबुड्यांची माळ वर येते. त्यात मोठा वाटा याच वायूचा असतो. सैबेरियातल्या आणि अलास्कातल्या तळ्यांच्या तळाशीही हेच घडते. तिथे हिवाळ्यात पाण्यावर बर्फ धरतो, बुडबुडे त्याच्या खालच्या अंगाला अडकतात आणि पारदर्शक बर्फात पांढऱ्या चकत्या होऊन दिसतात. पालघरला बर्फ नाही, त्यामुळे अडलेला वायू दिसत नाही. अडतो मात्र इथेही. धरणात त्याला वरच्या कोमट पाण्याचा थर अडवतो, भातखाचरात मातीचा वरचा ऑक्सिजनयुक्त पापुद्रा अडवतो, आणि खाडीत समुद्राचे मीठ त्याला मुळात फारसे तयारच होऊ देत नाही. एखाद्या पाणवठ्यातून हवेत किती मिथेन जाणार, हे तळाशी तो किती तयार होतो याइतकेच वाटेत किती अडतो आणि किती खाल्ला जातो यावर ठरते.

हा वायू शास्त्राच्या हाती लागला तो तळ्याकाठीच. नोव्हेंबर १७७६मध्ये इटलीतल्या माज्जोरे सरोवराच्या काठी, आंगेरा गावाजवळ, आलेस्सांद्रो व्होल्टाने काठीने चिखल ढवळला, वर येणारे बुडबुडे पाण्याने भरलेल्या उलट्या बाटलीत धरले आणि तो वायू पेटवून पाहिला. विजेचा घट त्याच्या हातून घडायला अजून जवळजवळ पाव शतक होते. आज तळ्यांवर वापरली जाणारी बुडबुडे पकडण्याची उलटी नरसाळी तत्त्वतः व्होल्टाच्या बाटलीपेक्षा वेगळी नाहीत.

मिथेन तयार करणारे सूक्ष्मजीव जिवाणूंहून वेगळ्या, आर्किया नावाच्या गटात मोडतात. ऑक्सिजन त्यांना सोसत नाही. तो लागला की ते काम थांबवतात. काही जण हायड्रोजन आणि कार्बन डाय-ऑक्साइड यांच्यापासून मिथेन बनवतात, काही ॲसिटेट फोडून. पण गाळात त्यांचा नंबर सर्वांत शेवटी लागतो. सेंद्रिय पदार्थ कुजवून ऊर्जा मिळवायची तर ऑक्सिजन सर्वांत फायद्याचा; तो संपला की नायट्रेट वापरणारे जिवाणू पुढे येतात, मग मँगनीज आणि लोहाची संयुगे वापरणारे, मग सल्फेट वापरणारे. हे सगळे संपल्यावर उरलेल्यावर मिथेनवाल्यांचे भागते. पालघरच्या किनाऱ्यावरचे पुढचे सगळे गणित या क्रमातून सुटते. गाळात सल्फेट मुबलक असेल, तर मिथेनला वाव जवळजवळ उरत नाही.

तापमानाचा प्रभावही मोठा आहे. जगभरच्या पाणथळ जागांच्या मोजमापांवरून २०१४मध्ये काढलेल्या हिशेबानुसार तापमान ०वरून ३० अंश सेल्सिअसवर गेले, तर मिथेनचे उत्सर्जन सुमारे ५७ पट होते. गोठलेल्या तळ्याच्या तळाशी पाणी ४ अंशांच्या आसपास असते, कारण गोडे पाणी त्याच तापमानाला सर्वांत जड असते. पालघरच्या तळ्यातला गाळ वर्षातला बराच काळ २५ ते ३० अंशांवर असतो. म्हणजे वेगाच्या बाबतीत पालघरचा चिखल आर्क्टिकच्या कितीतरी पुढे. तरीही जगाचे लक्ष आर्क्टिककडे आहे ते तिथे जमिनीत साठून राहिलेल्या कार्बनमुळे.

हवेत मिथेनचे प्रमाण औद्योगिक क्रांतीपूर्वी अब्जात सुमारे ७२० ते ७३० भाग होते. आता ते १,९००च्या वर आहे. एक किलो मिथेन शंभर वर्षांच्या हिशेबाने एक किलो कार्बन डाय-ऑक्साइडच्या सुमारे २७ ते ३० पट उष्णता अडवतो आणि वीस वर्षांच्या हिशेबाने सुमारे ८० पट. हवेत तो टिकतो मात्र दहा-बारा वर्षेच. त्यामुळे मिथेन कमी केल्याचा परिणाम लवकर दिसतो. जगातल्या एकूण मिथेनपैकी जवळपास निम्मा तळी, नद्या, दलदली, धरणे, खाड्या आणि भातखाचरे अशा पाण्याच्या जागांतून येतो, असा अलीकडचा अंदाज आहे.

तळापासून हवेपर्यंत मिथेनला तीन वाटा आहेत. पहिली वाट पाण्यात विरघळून हळूहळू वर येण्याची. या प्रवासात ऑक्सिजन असलेल्या थरात मिथेनवर जगणारे जिवाणू त्याचा बराचसा भाग खाऊन त्याचे कार्बन डाय-ऑक्साइड करतात. दुसरी वाट बुडबुड्यांची: गाळातला वायू पाण्याच्या दाबाला पुरून उरला की बुडबुडा सुटतो आणि काही सेकंदांत पृष्ठभाग गाठतो. त्याला खायला कोणाला सवडच मिळत नाही. तिसरी वाट वनस्पतींची. पाणथळीत वाढणाऱ्या झाडांच्या खोडामुळांत हवेच्या पोकळ्या असतात. त्यांतून ऑक्सिजन खाली जातो आणि मिथेन वर येतो. आर्क्टिकची बर्फाळ तळी मुख्यतः दुसऱ्या वाटेची गोष्ट आहेत, पालघरची भातशेती तिसरीची.

सैबेरियाच्या ईशान्येला, कोलिमा नदीच्या मुखाकडच्या चेर्स्की परिसरात, जमीन हजारो वर्षे गोठलेली आहे. या जमिनीत बर्फाच्या मोठ्या पाचरी आहेत. त्या वितळल्या की जमीन खचते, खळग्यात पाणी साचते आणि तळे तयार होते. तळ्याचे पाणी हिवाळ्यातही तळाशी गोठत नसल्यामुळे खालची गोठलेली जमीन आणखी वितळवते. तिच्यात हिमयुगापासून न कुजता राहिलेली मुळे आणि गवत असते, ते आता कुजू लागते. केटी वॉल्टर, सर्गेई झिमोव्ह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इथल्या तळ्यांवर केलेले मोजमाप २००६मध्ये ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झाले. उत्तर सैबेरियातल्या या तळ्यांतून वर्षाला ३८ लाख टन मिथेन सुटतो असा त्यांचा अंदाज होता. आधीचे अंदाज याच्या फार खाली होते, कारण आधी बुडबुड्यांचा हिशेब नीट धरलेला नव्हता; या तळ्यांच्या उत्सर्जनात बुडबुड्यांचा वाटा ९५ टक्के निघाला. बुडबुडे सगळीकडे सारखे येत नाहीत, ठरावीक जागी येतात. उन्हाळ्यात नौकेतून टाकलेले एखादे नरसाळे अशा जागेवर बसेल याची शक्यता कमी. हिवाळ्याच्या सुरुवातीला, बर्फ पातळ आणि स्वच्छ असताना, वरचे हिम झाडून काढले की प्रत्येक जागा नजरेस पडते. शिवाय काही जागी वायूचा जोर इतका असतो की तिथे कडाक्याच्या थंडीतही बर्फ धरत नाही. बर्फाने वायू अडवला, त्याबरोबर तो मोजण्याची सोयही करून दिली. या वायूतल्या कार्बनचे वय रेडिओकार्बनने काढले तेव्हा काही ठिकाणी ते ३५ ते ४३ हजार वर्षे भरले.

बर्फात अडकलेला सगळा वायू वसंतात हवेत जातो असेही नाही. बर्फाखालच्या पाण्यात ऑक्सिजन शिल्लक असेल, तर बुडबुड्यातला काही मिथेन परत पाण्यात विरघळतो आणि जिवाणू तो खातात. उथळ, गवताळ तळ्यांत हिवाळा सरता सरता ऑक्सिजन संपतो. तिथे बर्फ फुटताच काही दिवसांत वर्षभरातल्या मिथेनचा मोठा वाटा एकदम सुटतो. मोजणाऱ्याने तो आठवडा चुकवला तर वर्षाचा आकडाच चुकतो. अलीकडे उपग्रहांवरच्या रडारनेही बर्फातले बुडबुडे टिपता येतात: बर्फ आणि पाणी यांच्या सीमेवर बुडबुडे असतील, तर लांब तरंगलांबीच्या एल-पट्ट्यातल्या रडारलहरी अधिक जोराने परततात. अलास्कातल्या हजारो तळ्यांवर ही पद्धत वापरून झाली आहे. भारत आणि अमेरिका यांनी मिळून ३० जुलै २०२५ रोजी श्रीहरिकोट्याहून सोडलेल्या ‘निसार’ उपग्रहावर एल-पट्ट्याचेच रडार आहे.

इथे एक गल्लत टाळायला हवी. वर्तमानपत्रांत ‘बर्फात अडकलेले हरितगृह वायू’ असे वाचले की अनेकदा अंटार्क्टिकाच्या बर्फाच्या गाभ्यांविषयी बोलणे चाललेले असते. त्या गाभ्यांतले बुडबुडे म्हणजे प्राचीन काळची हवा. हिमाचे थर दबत गेले तसतशी ती आत बंद झाली, आणि तिच्यावरून गेल्या आठ लाख वर्षांतले मिथेन आणि कार्बन डाय-ऑक्साइडचे प्रमाण कळते. तळ्याच्या बर्फातला वायू खालून आलेला असतो आणि त्याच हिवाळ्यात सुटलेला असतो. बर्फ वितळला की हिशेब मिटतो.

गोठलेल्या तळ्यांचा अभ्यास करणारी संस्था मराठी मुलुखाला लागून आहे ती गोव्यात, वास्कोला: राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्र. अंटार्क्टिकातल्या शिर्माकर ओॲसिस या खडकाळ पट्ट्यात भारताचे मैत्री हे केंद्र १९८९पासून आहे आणि त्याला पाणी मिळते शेजारच्या प्रियदर्शिनी तळ्यातून. वर्षातले बरेच महिने हे तळे गोठलेले असते. पण त्याची जात सैबेरियातल्या तळ्यांपेक्षा निराळी. काठाला झाडे नाहीत, माती नावापुरती. तळाशी सूक्ष्म शैवालांचे पातळ गालिचे तेवढे असतात. कुजायला फारसे नसेल तर बर्फ कितीही जाड असो, खाली अडकायला मिथेन थोडाच. तिकडच्या तळ्यांत संशोधकांना रस असतो तो मुख्यतः सूक्ष्मजीवांत आणि जुन्या हवामानाच्या गाळातल्या खुणांत.

अशी कामे बहुतेक वेळा पीएच.डी.नंतरच्या संशोधकांच्या वाट्याला येतात. पोस्टडॉक म्हणजे दोन-तीन वर्षांची करारावरची नेमणूक, तिच्यात साधारण एकच प्रश्न, आणि तो ठरावीक काळात उलगडायची अट. भारतात राष्ट्रीय पोस्टडॉक्टरल फेलोशिप दोन वर्षांची असते. युरोपात जाणाऱ्यांसाठी मेरी स्क्लोडोव्हस्का-क्युरी फेलोशिप आहे, तिच्यासाठी पीएच.डी.नंतरचा संशोधनाचा अनुभव आठ वर्षांपेक्षा अधिक चालत नाही. तळ्याच्या वायूवर काम करायचे, तर दोन वर्षांत हिवाळे येतात दोनच. पहिल्या हिवाळ्यात उपकरण गोठले, तर उरतो एक. कामाचे स्वरूप साधे आहे, सोपे नाही: बर्फाला भोक पाडून वेगवेगळ्या खोलीचे पाणी घेणे, बंद कुपीत ते हलवून वायू वेगळा करणे, गॅस क्रोमॅटोग्राफवर मिथेन मोजणे, आणि कार्बनच्या समस्थानिकांवरून तो सूक्ष्मजीवांचा की भूगर्भातला हे ठरवणे. नेमणुकीची मुदत आणि तळ्याचे वर्ष यांचा मेळ क्वचितच बसतो. म्हणून एकाच पाण्याची दहा-वीस वर्षे सलग मोजमापे जगातच कमी आहेत.

पालघरकडे वळल्यावर पहिले पाणी धरणांचे. जिल्ह्याच्या डोंगराळ भागातले सूर्या नदीवरचे धामणी धरण आणि त्याखालचा कवडास बंधारा यांचे पाणी पालघर, बोईसर, तारापूरच्या उद्योगांना आणि वसई-विरारला जाते. मोखाड्याकडे वैतरणेवरचे १०२ मीटर उंचीचे मध्य वैतरणा धरण २०१४मध्ये पुरे झाले. त्याचे पाणी मुंबईला. उन्हाळ्यात अशा खोल जलाशयांचा वरचा थर तापतो आणि हलका होतो, खालचा थंड आणि जड राहतो, दोन्ही मिसळत नाहीत. उष्ण प्रदेशात यासाठी तापमानाचा फरक फार लागत नाही. पाणी ४वरून १४ अंशांवर गेले की जेवढे हलके होते, तेवढेच ते २५वरून २८वर गेले तरी होते. तीन अंशांनी काम भागते. हा कोमट थर बर्फाइतकाच पक्का अडसर ठरतो. खालचा ऑक्सिजन संपत जातो, मिथेन साठत जातो, आणि वर येणारा मिथेन दोन थरांच्या सीमेवर जिवाणू खाऊन टाकतात. महाराष्ट्र-गोवा सीमेवरच्या तिळारी जलाशयात गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने केलेल्या अभ्यासांत उन्हाळ्यात तळाचे पाणी ऑक्सिजनविरहित होत असल्याचे दिसले. एस. डब्ल्यू. ए. नक्वी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी देशातल्या आठ जलाशयांतला विरघळलेला मिथेन मोजून २०१३मध्ये मांडलेला निष्कर्ष असा की भारतीय जलाशयांतून सुटणाऱ्या मिथेनचे आधीचे काही अंदाज फुगलेले होते.

अडसर असला तरी त्याला दोन खिंडारे आहेत. पहिले माणसाने केलेले: पाणी तळाजवळच्या दारातून सोडले, तर साठलेला मिथेन वरच्या थराला न शिवताच बाहेर पडतो, आणि दाब उतरताच सोड्याची बाटली उघडल्यासारखा हवेत निघून जातो. दुसरे मोसमी. धामणीसारखे धरण ऑगस्ट-सप्टेंबरात भरते आणि मेपर्यंत खाली जाते. पाण्याची उंची उतरते तसा गाळावरचा दाब उतरतो आणि बुडबुडे सुटतात. उघड्या पडलेल्या काठावर गवत उगवते किंवा लोक गाळपेर करतात, आणि पुढच्या पावसात तेच गवत, तीच धसकटे पाण्याखाली जाऊन ताजे खाद्य होतात. जगभरच्या जलाशयांचे एकूण उत्सर्जन २०१६च्या एका आढाव्यानुसार वर्षाला सुमारे ८० कोटी टन कार्बन डाय-ऑक्साइडएवढे, म्हणजे मानवी उत्सर्जनाच्या सुमारे १.३ टक्के आहे. त्यात मोठा वाटा मिथेनचा.

भातशेतीचा प्रश्न याहून जुना, आणि त्याला राजकारणाची किनार आहे. १९९०च्या सुमारास अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने भारतातल्या भातखाचरांतून वर्षाला ३ कोटी ७८ लाख टन मिथेन सुटतो असा आकडा दिला. तो युरोप-अमेरिकेतल्या सतत पाण्याखाली असलेल्या शेतांवरून बेतलेला होता. दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेतले ए. पी. मित्रा यांच्या पुढाकाराने १९९१मध्ये देशभरच्या शेतांत पेट्या ठेवून मोजणी झाली. उत्तर आले सुमारे ४० लाख टन, म्हणजे जवळजवळ नऊ-दहा पटींनी कमी. त्याच वर्षी पर्यावरण-अभ्यासक अनिल अग्रवाल आणि सुनीता नारायण यांनी गरीब देशांच्या जगण्यासाठीच्या आणि श्रीमंत देशांच्या चैनीच्या उत्सर्जनातला फरक जगासमोर मांडला. नंतरच्या सरकारी अहवालांतही भातशेतीचा आकडा साधारण ३५-४० लाख टनांच्या आसपासच राहिला. हवामानाच्या वाटाघाटींत मोजमापाचे मोल किती, याचे याहून ठळक भारतीय उदाहरण मिळणे कठीण.

परदेशी अंदाज का फसला, हे पालघरची शेती पाहिल्यावर उमगते. जव्हार-मोखाड्याच्या उतारांवरच्या वरकस जमिनीत नागली आणि वरई होते. तिथे पाणी साचतच नाही, मिथेनचा प्रश्न नाही. खालच्या खाचरांत जूनमध्ये राबात रोपे वाढवतात, जुलैत चिखलणी करून लावणी होते आणि पुढे सगळे पावसाच्या हवाली. दोन-अडीच हजार मिलिमीटर पाऊस पडत असला, तरी तो सलग पडत नाही. आठवडाभर उघडीप झाली की खाचरातले पाणी आटते, मातीला भेगा पडतात, ऑक्सिजन आत शिरतो आणि मिथेनवाल्या सूक्ष्मजीवांचे काम थांबते. पुन्हा पाणी भरल्यावर ते सुरू व्हायला काही दिवस जातात. हवामानबदलावरच्या आंतरशासकीय समितीच्या, म्हणजे आयपीसीसीच्या, २०१९च्या मार्गदर्शिकेत सतत पाण्याखालच्या भातासाठी हेक्टरी दिवसाला १.१९ किलो मिथेन हा जागतिक सरासरी आकडा आहे. पावसावरच्या नेहमीच्या भाताला त्याच्या ०.५४ पट धरतात, आणि पाण्याखालच्या भातातले पाणी हंगामात अनेकदा काढले, तर ०.५५ पट. म्हणजे पाणी काढण्याची जी युक्ती आंतरराष्ट्रीय तज्ज्ञ शिकवत हिंडतात, ती कोकणात पाऊस फुकटात करून जातो. सूर्या कालव्याच्या पाण्यावर होणाऱ्या उन्हाळी भाताला मात्र हे लागू नाही. तिथे पाणी शेतकऱ्याच्या हाती असते, गाळ तापलेला असतो आणि खाचर भरून ठेवण्याकडेच कल असतो. जिल्ह्यात कुठे उत्सर्जन खरोखर कमी करता येण्यासारखे असेल तर ते या उन्हाळी भातात, आणि त्यासाठी कालव्याच्या पाळ्या वेळेवर येण्याचा भरवसा हवा. पुढची पाळी कधी येईल याची खात्री नसलेला शेतकरी आहे ते पाणी सोडून देणार नाही.

खाचरातला सुमारे ९० टक्क्यांपर्यंत मिथेन भाताच्या रोपांतून वर येतो. लोंबी धरण्याच्या सुमारास मुळांतून साखरेसारखी द्रव्ये अधिक पाझरतात, तेव्हा तो वाढतो. खताचाही संबंध आहे. डॉ. ना. कृ. सावंत यांनी कोकणात रुजवलेल्या चारसूत्री पद्धतीत गिरिपुष्पाचा हिरवा पाला चिखलात मिसळतात आणि युरिया-डीएपीच्या गोळ्या चार रोपांच्या मधोमध खोल खोचतात. खोल खोचलेल्या गोळीमुळे नत्राची नासाडी घटते; पाल्यासारखे ताजे सेंद्रिय खाद्य मात्र पाण्याखाली मिथेनला खतपाणी घालते. उत्पादन जास्त, युरिया कमी आणि मिथेन थोडा वर, असा हा सौदा आहे. टनामागे वायू मोजला, तर तो फायद्याचाच ठरण्याची शक्यता अधिक.

वैतरणेच्या, सातपाटी-मुरब्याच्या आणि डहाणूच्या खाड्यांत मामला उलटा. समुद्राच्या एका लिटर पाण्यात सुमारे २.७ ग्रॅम सल्फेट असते. भरतीबरोबर ते तिवरांच्या चिखलात मुरते आणि कुजण्याचे काम सल्फेटवाले जिवाणू बळकावतात. त्यांच्या कामातून हायड्रोजन सल्फाइड निघतो. खाडीच्या काळ्या चिखलाला कुजक्या अंड्यांचा वास येतो तो त्याचा. जिथे हा वास उग्र, तिथे मिथेन सहसा कमी. पण पावसाळ्यात वैतरणेला पूर आला की खाडीचा वरचा भाग जवळजवळ गोडा होतो, सल्फेट पातळ होते आणि मिथेनला संधी मिळते. शिवाय चिखल खोल असेल, तर सल्फेटच्या आवाक्याबाहेर खाली मिथेन तयार होतच असतो. ओहोटीला पाण्याचा दाब उतरला की तो खेकड्यांच्या बिळांतून आणि तिवराच्या वर आलेल्या श्वासमुळांतून निसटतो. तिवरे, कांदळ आणि चिपी चिखलात कार्बन पुरतात म्हणून खारफुटीला हवामानाच्या लढाईत मान आहे. तिच्यातून सुटणारा मिथेन या कमाईतला, वीस वर्षांच्या हिशेबाने, सरासरी एक पंचमांश भाग परत खर्च करतो, असे २०१८च्या एका आढाव्यात आढळले. चार पंचमांश उरतात, हेही काही कमी नाही.

तारापूरच्या औद्योगिक वसाहतीने या चित्रात आणखी एक पाणी आणले. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८च्या सर्वंकष प्रदूषण निर्देशांकात तारापूर ९३.६९ गुणांसह देशात सर्वांत वर होते. इथे रसायने, औषधे, कापड आणि पोलाद यांचे कारखाने आहेत. सामायिक प्रक्रिया केंद्रातून सांडपाणी नळाने नवापूरच्या समुद्रात सोडले जाते. सांडपाण्यातला सेंद्रिय भार ऑक्सिजन खातो, त्यामुळे नाल्यात आणि साठवण तळ्यांत मिथेनला अनुकूल स्थिती तयार होते. पण कापड रंगवताना ग्लॉबर्स सॉल्ट, म्हणजे सोडियम सल्फेट, भरपूर वापरतात. अशा पाण्यात सल्फेटवाले जिवाणू पुढे सरसावतात आणि मिथेनऐवजी हायड्रोजन सल्फाइड अधिक निघतो. हवामानाच्या दृष्टीने हा बदल बरा, नाकाच्या आणि माशांच्या दृष्टीने वाईट. नत्रयुक्त सांडपाण्याचा प्रश्न आणखी वेगळा. हवा भरून अमोनियाचे नायट्रेट करताना आणि पुढे ते नायट्रेट मोडताना नायट्रस ऑक्साइड निसटतो. तो शंभर वर्षांच्या हिशेबाने कार्बन डाय-ऑक्साइडच्या २७३ पट उष्णता अडवतो आणि शतकाहून अधिक काळ टिकतो. समुद्रात नत्र वाहून जाण्याचा परिणाम काय होतो हे पश्चिम किनाऱ्यावरच दिसले आहे: नक्वी आणि सहकाऱ्यांनी २०००मध्ये ‘नेचर’मध्ये दाखवले की पावसाळ्याच्या उत्तरार्धात इथल्या उथळ समुद्रात ऑक्सिजन संपतो तेव्हा नायट्रस ऑक्साइडचे प्रमाण विलक्षण वाढते, आणि जमिनीवरून येणारे नत्र ही स्थिती बिघडवत असावे.

हे वायू कोणाच्या खात्यावर पडतात, हा शेवटचा मुद्दा. देशांच्या राष्ट्रीय नोंदवहीत माणसाच्या कृतीतून निघणारे उत्सर्जन लिहायचे असते. भाताचे लिहिले जाते. माणसाने बुडवलेल्या जमिनीचे, म्हणजे जलाशयांचे, कसे मोजायचे याची पद्धत आयपीसीसीने २०१९मध्ये दिली. सैबेरियातल्या वितळत्या तळ्यांचा मिथेन नैसर्गिक धरला जातो, म्हणून तो कोणत्याच देशाच्या खात्यात येत नाही, त्यामागची तापमानवाढ माणसाची असली तरी. २०२१मध्ये ग्लासगोत अनेक देशांनी २०३०पर्यंत मिथेन ३० टक्क्यांनी घटवण्याची प्रतिज्ञा केली. भारत तिच्यात सामील झाला नाही, कारण इथला मिथेन मुख्यतः छोट्या शेतकऱ्यांच्या भातातून आणि गुराढोरांतून येतो.

पालघरच्या किनाऱ्यावर मानवी आणि नैसर्गिक उत्सर्जनातली ही हद्द खारबंदिस्तीच्या एका बांधावर पडते. बांधाच्या आत, उघाडीतून पावसाचे पाणी सोडून खार धुतलेल्या जमिनीत भात पिकतो आणि तो राष्ट्रीय हिशेबात येतो. बाहेर तिवरांचा तोच चिखल नैसर्गिक म्हणून वगळला जातो. बांध फुटला आणि भरतीचे पाणी आत शिरले, की भाताची नोंद संपते. आयपीसीसीच्या २०१३च्या पाणथळ जागांविषयीच्या पुरवणीत अशा पुन्हा पाण्याखाली आणलेल्या किनारी जमिनीसाठी दोनच आकडे आहेत: पाण्यात हजारात १८ भागांहून कमी मीठ असेल, तर हेक्टरी वर्षाला १९३.७ किलो मिथेन. त्याहून जास्त असेल, तर शून्य. वैतरणेच्या खाडीकाठची एकच जमीन जुलैत पहिल्या रकान्यात बसू शकते आणि एप्रिलमध्ये दुसऱ्या.